डची, बदक, ड्यूकडम

पत्र मंगळवारी आलं आणि त्यात शिवी नव्हती. कोशाच्या कचेरीत येणाऱ्या पत्रांत ती सहसा असते. शब्दांवरून माणसं जेवढी हातघाईवर येतात तेवढी बांधावरूनही येत नसतील. हे पत्र मात्र निळ्या शाईत, डावीकडे चांगला दोन बोटं समास सोडून, भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं. ‘महोदय, जुना नकाशा वाचताना डची हा इंग्रजी शब्द मला अडला. आपला कोश उघडला. तिथे लिहिलं आहे, डची : पाहा ड्यूकडम. पानं उलटली. तिथे लिहिलं आहे, ड्यूकडम : पाहा डची. पुन्हा मागे आलो. गेले दोन दिवस मी या दोन गावांच्या मध्ये येरझारा घालतो आहे. इथे उतरावं तर म्हणतात पुढे जा, तिथे जावं तर म्हणतात मागे फिरा. माझं वय एकोणऐंशी आहे. कृपया कुठेतरी एका ठिकाणी टेकायला जागा द्यावी.’

कोशकार हसला, आणि हसता हसता उठला. कपाटातून त्याने डी अक्षराचा खंड काढला. मास्तरांचं खरं होतं. बावीस वर्षं हे पुस्तक शाळांत, कचेऱ्यांत, लोकांच्या उशाशी पडून होतं आणि बावीस वर्षं त्यात दोन शब्द एकमेकांकडे बोट दाखवत उभे होते, दारात अडलेल्या दोन भल्या माणसांसारखे : आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. आत कुणीच गेलं नव्हतं. पण त्याच्या मनाला लागलं ते वेगळंच. डची हा शब्द तिच्या गठ्ठ्यातला होता आणि ड्यूकडम त्याच्या. ती म्हणजे त्याची बायको. पलीकडच्या टेबलावर बसायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं टेबल आता झेरॉक्सच्या मशीनखाली होतं.

प्रमुखबाई त्याच्या अर्ध्या वयाच्या होत्या आणि त्याला सर म्हणत. त्यांनी पत्र वाचलं आणि खुर्चीतच गोल फिरल्या. “सर, हे भारीच आहे हो. पण शनिवारी दुपारी नव्या आवृत्तीची डीची पानं छापखान्यात जायची आहेत. दोनच ओळी द्या. सरदाराची जहागीर, झालं. दोन्हीकडे तेच टाकू.”

“दोन्ही एकच असते तर इंग्रजांनी दोन शब्द कशाला ठेवले असते?”

“हौस,” प्रमुखबाई म्हणाल्या.

असेलही. पण शब्दांची हौस अशी फुकट नसते, असं तो एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर समजत होता. सारखे दिसणारे दोन शब्द फार काळ शेजारी राहिले की जावांसारखे स्वयंपाकघर वाटून घेतात. बाहेरच्याला घर एकच दिसतं, आतल्याला पक्कं ठाऊक असतं, कुठली फळी कुणाची. ते वाटप शोधायचं, हेच त्याचं काम. आणि इथे ते न करता त्याने ‘पाहा’ लिहून हात झटकले होते. का? तो आठवू लागला. डीचे गठ्ठे वाटले तेव्हा त्यांच्या लग्नाला पाचच वर्षं झाली होती. चिठ्ठ्यांचा लांबच लांब खण टेबलावर ओढून तिने मधोमध पट्टी घातली होती. डचेस, डची, आणि मग डक म्हणजे बदक, इथवर तिचं. बदकाच्या पुढे याचं. “बदकापाशी आपली हद्द,” ती म्हणाली होती, “अलीकडे पाऊल टाकलंस तर बदक चावेल.” बदकाच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात तिने पेन्सिलीने एक बदक काढलंही होतं, मान वळवून मागे बघणारं. मग मुद्रितं आली. त्याची तिने तपासली, तिची याने. तिच्या पानावर ‘पाहा ड्यूकडम’ वाचून तो पुढे गेला, कारण अर्थात तिकडे अर्थ असणारच. त्याच्या पानावर ‘पाहा डची’ वाचून तीही अशीच पुढे गेली असणार. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तो उलटून पाहायला गेला असता. नवरा-बायकोंनी एकमेकांची मुद्रितं तपासू नयेत, असा नियम पुढे कचेरीत झाला, पण तो वेगळ्याच कारणाने. दोघं फार हसतात म्हणून.

संध्याकाळी घरी आला तर मेव्हणीचा फोन आला. मेव्हणी स्वभावाने मायाळू आणि बोलायला सडेतोड. तिच्या तोंडून गोड बातमीसुद्धा फटकन यायची. “भावोजी, रागावू नका हं. शुक्रवारी आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं की शनिवारी मी तिला तिकडूनच माझ्याकडे घेऊन जाते. कायमची. माझ्या घराखालीच दवाखाना आहे. आणि खरं सांगू? ताई होती तोवर ते आईच्या लेकीचं घर होतं. आता ते नुसतं तुमचं आहे. तुम्ही तिला किती दिवस आणि कोणत्या नात्याने सांभाळणार?” तो ‘हो’ म्हणाला. म्हणजे ऐकलं या अर्थाने ‘हो’ म्हणाला. मेव्हणीने तो होकार या अर्थाने घेतला. ‘हो’चे सात अर्थ त्यानेच कधीतरी लिहिले होते.

आतल्या खोलीत खिडकीशी सासूबाई सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पार पिकलेला. पण घडी अशी की कडेला कड. फोन त्यांनी ऐकला होता की नव्हता, ते चेहऱ्यावरून कळेना. लेकीच्या आजारपणात चार दिवसांसाठी म्हणून एक पिशवी घेऊन त्या आल्या. चार दिवसांचे पाच महिने झाले, मग लेक गेली, आणि त्यानंतर जा असं कुणी म्हणालं नाही आणि राहा असंही कुणी म्हणालं नाही. दारामागच्या खुंटीवर त्यांची पिशवी तशीच लटकलेली होती, अजून अर्धी भरलेली. एवढ्या काळात एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती आणि ती तो कुणाला सांगू शकला नव्हता, कारण ती फक्त कोशकारालाच लागावी अशी होती. लेक असताना त्या त्याला ‘जावईबापू’ म्हणत, जरा चेष्टेने, शब्दाला थोडी झालर लावून. ती गेली त्या दिवसापासून त्या त्याला काहीच म्हणत नव्हत्या. नाव तर पूर्वीही घेत नसत. पण आता हाकच नव्हती. नुसती हाक नव्हे, त्यांच्या बोलण्यातून माणूसच गळला होता. ‘जेवायचं ना?’ ‘दार लावून घ्यायचं.’ ‘छत्री राहिली बहुतेक.’ कर्त्यावाचून चालणारी वाक्यं. कुणालाही लागू पडतील अशी, आणि म्हणून त्याला न लागणारी. मराठीत अशी सोय आहे खरी. तीन वर्षं माणसाला न हाक मारता प्रेमाने वाढता येतं.

बुधवारी तो माळ्यावर चढला. जुन्या चिठ्ठ्यांचे खण कचेरीच्या माळ्यावर होते, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरीने बांधून. धुळीने त्याला शिंका आल्या आणि खालून प्रमुखबाईंनी विचारलं, “सर, जिवंत आहात ना?” “एका बाजूने,” तो म्हणाला. खणात बोटं फिरवताना त्याला वाटलं आपण उतरणीवरून चालतो आहोत : डस्ट, डंप, डल, ड्यूकडम, ड्यूक, ड्युएट, ड्युएल, आणि मग आलं ते बदक. पेन्सिल फिकट झाली होती, मान मात्र अजून वळलेली. बदकाच्या मागे डची. तिचं अक्षर. अक्षर हा माणसाचा सगळ्यांत हट्टी अवयव आहे. आवाज विरतो, चेहरा फोटोत बसून फोटोसारखा होतो, पण ‘ह’ला ती जी शेपटी काढायची ती ओली असल्यासारखी समोर. ‘डची : पाहा ड्यूकडम.’

चिठ्ठ्या तेव्हा पाठकोऱ्या कागदाच्या कापत. रद्द झालेली मुद्रितं, एका बाजूला छापलेली, दुसऱ्या बाजूला कोरी; कोऱ्या बाजूवर शब्द लिहायचा. छापील बाजू म्हणजे कचरा, ती कुणी बघत नसे. त्याने आयुष्यात काही लाख चिठ्ठ्या हाताळल्या असतील, उलटी एकही केली नव्हती. ही का केली? बहुधा बदकामुळे. बदक मागे बघत होतं.

मागे कुठल्या तरी जुन्या पुस्तकाच्या चार ओळी छापल्या होत्या आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत, मुंगीसारख्या बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं : ‘मला या दोघांतला फरक कळत नाही. तुला कळेल. तू लिही. विसरू नकोस.’

तो माळ्यावर खाली बसला. खाली टेलिफोन वाजला, कुणीतरी घेतला, कुणीतरी चहाचा पेला ठेवला. बावीस वर्षं या वाक्याला उत्तर नव्हतं, आणि ती होती तोवर रोज त्याच्यासमोर बसून डबा खात होती. तिने कधी विचारलं नाही, लिहिलास का. तिला वाटलं असेल, लिहिला. माणूस गेल्यावर त्याचं राहिलेलं काम आपण शोधत फिरतो. इथे तिचं नव्हे, त्याचंच काम राहिलं होतं, तिच्या वतीने. त्याला दुःख व्हायला हवं होतं, तेही झालं असेल कुठेतरी तळाशी. पण वर आलं ते कुतूहल, आणि त्या कुतूहलाची त्याला थोडी लाजही वाटली. खरंच, काय फरक आहे?

तो दिवस आणि गुरुवारची सकाळ त्याने जाडजूड पुस्तकांत घालवली. हळूहळू धुकं फाटावं तसं दिसू लागलं. डची म्हणजे भूमी. नदी, पूल, कुरणं, वेस. नकाशात जिला रंग देता येतो, जिच्यावरून चालता येतं, जिच्यात चिखल असतो. ड्यूकची असेल, डचेसची असेल. मालकावाचून रिकामी पडली तरी ती असते, कारण जमीन कुठे जाते? आणि ड्यूकडम? ते कधी भूमीलाही म्हणतात, तिथेच तर सगळा घोटाळा. पण मुख्य म्हणजे ते ड्यूकपण आहे. पद. कागदावर मिळतं, बापाकडून मुलाकडे येतं. ज्या गावाच्या नावाचा ड्यूक, त्या गावात त्याची वावभर जमीन नसली तरी चालतं. भूमी जाते, सीमा पुसतात, नवे नकाशे छापतात, आणि एखाद्या दमट खोलीत कुणी म्हातारा अजून ड्यूक असतो; पत्रं त्याला त्याच नावाने येतात. हे वाचताना कोशकाराने चष्मा काढला. त्याच्या खिशात डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म होता. तो त्याने सकाळी भरला होता : नाव, वय, पत्ता, रक्तदाब. एक रकाना राहिला होता. ‘रुग्णाशी नाते.’ पोटासाठी आयुष्यभर शब्दांपुढे अर्थ लिहिणाऱ्या माणसाला तिथे एक शब्द सुचत नव्हता. शब्द सुचत होता; तो अजून आपला आहे का, ते कळत नव्हतं.

गुरुवारी तो लवकर घरी आला. सासूबाई मटार सोलत होत्या, बोटांनी बघून. तोंडाने गुणगुणत होत्या. त्यांच्याकडे अशी गाणी खंडीभर होती, कुठून आली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लेकीलाही ती पाठ होती, कचेरीत चिठ्ठ्या लावताना ती याच चालीवर पुटपुटायची.

शेत गेलं गेलं, बांध राहिला एकला
बांधावरल्या झाडाला, पाखरू पुसे गाव कुठला

मग त्या थांबल्या. “दोन दिवस कसला एवढा शोध चाललाय?”

त्याने शेजारी बसून सांगितलं. एक मोठा सरदार असतो, त्याला ड्यूक म्हणतात. त्याची एक जमीन असते आणि एक पद असतं. दोघांना सारखेच शब्द, आणि ते आमच्या पुस्तकात एकमेकांच्या गळ्यात पडलेत. लेकीच्या चिठ्ठीचं मात्र तो बोलला नाही.

“जमीन असेल तर जमीन म्हणावं, मान असेल तर मान म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या. “एका पिशवीत कशाला कोंबायचं?”

“पण जमीन गेल्यावर नुसता मान उरला तर? त्याला काही अर्थ राहतो का, हा प्रश्न आहे.”

“राहतो की. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.” त्या हसल्या. “माझा चुलता होता. त्याची पिठाची गिरणी. बंद पडली, मशीन भंगारात गेलं, जागेवर सायकलींचं दुकान झालं. वीस वर्षांनी चुलता गेला तर सगळे काय म्हणाले? गिरणीवाले गेले. आता कुठली गिरणी? कुठलं पीठ? पण गेला तो गिरणीवालाच. सायकलवाला तर गेला नाही ना?”

“लोकांनी म्हटलं म्हणून.”

“मग? स्वतःचं स्वतः म्हणून थोडंच होतं? कुणीतरी म्हणावं लागतं.” एक दाणा निसटून जमिनीवर गेला. त्या अंदाजाने चाचपडू लागल्या. त्याने उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. आता विचारावं, त्याला वाटलं. विचारावं की जावयाचं काय असतं? लेक हीच त्याची जमीन. ती गेली, आता तो कोण? आणि तुम्हाला शनिवारी जायचं आहे का? या घरात तिला तिच्या लहानपणच्या नावाने हाक मारणारं एकच माणूस आहे. ते गेलं की ते नाव खुंटीवरून उतरून पिशवीतून जाईल, आणि मग इथे ती नुसती फोटोतली राहील. पण ‘राहा’ म्हणायला हक्क लागतो, आणि हक्काचा रकाना रिकामा होता. तो उठला आणि मटाराची सालं टाकून आला.

शुक्रवारी दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला आणि रिकाम्या रकान्यावर पेनाचं टोक आपटलं. “नातं?”

“जावई,” तो म्हणाला.

“मग यांच्या मुलीची सही घ्या ना. कुठेयत त्या?”

“नाहीयेत.”

“बाहेरगावी?”

“नाही. नाहीच आहे ती.”

बाईंचा चेहरा क्षणभर माणसासारखा झाला, मग पुन्हा काउंटरसारखा. “दुसरं कुणी आहे का? रक्ताचं?” तेवढ्यात मेव्हणी आली, धापा टाकत, हातात फळांची पिशवी. तिने रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं आणि सही ठोकली. दोन सेकंदांचं काम. सासूबाई पाठीमागच्या बाकावर डोळ्यांत औषध घालून मिटल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल का, हे त्याला पुन्हा एकदा कळलं नाही.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. रात्री त्यांच्याजवळ मेव्हणी राहिली. तो घरी आला, खुंटीवरची पिशवी बघितली, आणि तिच्यात त्यांच्या दोन साड्या, लोकरीची टोपी, फणी भरून ठेवली. अर्धी पिशवी पुरी भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतक्या दिवसांत त्यांनी या घरात एवढीच जागा घेतली होती.

शनिवारी सकाळी पिशवी घेऊन तो पोचला तेव्हा नर्स पट्टी काढत होती. तरतरीत, मोठ्या आवाजाची मुलगी. “हां आजी, आता डोळा हळूच उघडा. घाई नाही. हं, पाहा!”

‘पाहा.’ तो दचकला. आयुष्यभर त्याने हा शब्द लिहिला होता, लोकांना दुसऱ्या पानावर हाकलायला. इथे तो तसा नव्हता. इथे पाहा म्हणजे पाहा.

सासूबाईंनी डोळा किलकिला केला. पाणी आलं, नर्सने टिपलं. त्या छताकडे बघत राहिल्या, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या हातांकडे; हात उलटेसुलटे करून, जणू कुणी दुसऱ्याचे आणून लावलेत. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “केवढी दशा झालीय यांची.”

“आता सांगा, समोर कोण उभंय?”

“ही धाकटी. जाड झाली.”

“आई!” मेव्हणी म्हणाली.

“आणि हे?”

सासूबाईंनी बघितलं. पिशवीकडे बघितलं, पिशवी धरलेल्या हाताकडे, मग वर. तो नुसता उभा होता, परीक्षेला बसलेल्या शब्दासारखा. किती वेळ त्या बघत होत्या कोण जाणे. या डोळ्याने त्यांनी त्याला नीट पाहिलं त्याला निदान चार वर्षं झाली असतील.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “केवढे वाळलात हो तुम्ही!”

नर्स आपल्या नादात थेंबांची बाटली दाखवत होती : दिवसातून चार वेळा, महिनाभर, पापणीला टोक लागता कामा नये, हात हलता कामा नये. “कोण घालणार थेंब?”

“मी,” मेव्हणी म्हणाली.

“तुझा हात भाजीवर मीठ टाकताना हलतो,” सासूबाई म्हणाल्या. “हे घालतील. मुंगीएवढं अक्षर काढतात.”

“अगं, पण तू माझ्याकडे यायचं ठरलंय ना?”

“कुणाचं ठरलंय? मला विचारलं का कुणी? यांनी तर पिशवीच भरून आणली!” आणि त्याच्याकडे वळून, “काय हो, घालवताय काय मला?”

“नाही,” तो म्हणाला. ‘नाही’चे किती अर्थ त्याने लिहिले होते ते त्याला आठवेना. हा एकच होता. “मला वाटलं, तुम्हाला जायचं असेल. मला म्हणायचा हक्क नव्हता.”

“हक्क,” सासूबाई म्हणाल्या, जणू बाजारात नवीन भाजी बघावी. “तुमची चाहूल लागली की लेक दिसायची म्हणून हाक निघत नव्हती माझी. तर तुम्ही त्याचा असा हिशेब लावलात होय? एवढी पुस्तकं वाचून?” मग धाकटीला जवळ ओढून, “तुझ्याकडे येईन गं दर महिन्याला आठ दिवस. उशी चांगली मऊ ठेव.” मेव्हणीने डोळे पुसले, हसली आणि म्हणाली, “सांभाळा मग, भावोजी. फार बोलते ती.”

त्यांना घरी आणून, पहिले थेंब घालून – हात हलला नाही – तो दुपारी कचेरीत आला. प्रमुखबाई घड्याळाकडे न बघता घड्याळाकडे बघत होत्या. “सर, दोनच ओळी...” “आहेत,” तो म्हणाला. संगणकावर सरळ टंकता आलं असतं. पण त्याने ड्रॉवरमधून एक पाठकोरा कागद काढला, त्याच्या दोन चिठ्ठ्या कापल्या आणि पेनात शाई भरली.

‘डची : ड्यूकची किंवा डचेसची भूमी, तिच्या सीमांच्या आतला मुलूख.’

‘ड्यूकडम : १. ड्यूकची भूमी. २. (मुख्यत्वे) ड्यूकचं पद व मान, ड्यूकपण. भूमी असो वा नसो.’

दोन्हीकडे त्याने ‘पाहा’ लिहिलं नाही. मग भूगोलाच्या मास्तरांना पोस्टकार्ड लिहिलं : आपण आता दोन्ही ठिकाणी उतरू शकता. प्रमुखबाईंनी चिठ्ठ्या वाचल्या, ओठ हलवत, दोनदा. “‘असो वा नसो’ काढू का? तेवढीच जागा वाचेल.”

“राहू द्या,” तो म्हणाला.

त्या टंकायला वळल्या. तेवढ्यात त्याने खिशातून तिची जुनी चिठ्ठी काढली, ती उलटी केली, आणि छापील ओळींच्या फटीत, तिच्या तीन वाक्यांखाली जेमतेम मावेल एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं : ‘लिहिला.’ शाई वाळेपर्यंत तो थांबला. मग माळ्यावर जाऊन चिठ्ठी खणात होती तिथे परत लावली, बदकाच्या अलीकडे, तिच्या हद्दीत.